सराईत चोर असतो, सराईत नवरा नसतो: वारंवार होणारी घरगुती हिंसा आणि शिक्षेचा कायदा

गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत कोणत्याही पोलीस ठाण्यात दोन-चार माणसे अशी असतातच, ज्यांचे नाव ऐकताच ड्यूटीवरचा हवालदार म्हणतो, ‘परत तोच?’ बायकोला मारणे, रात्री तिला घराबाहेर काढणे, चार दिवसांनी गोडीगुलाबी, महिन्याभराने पुन्हा तेच. ठाण्यात त्याला सगळे ओळखतात. न्यायालयात मात्र तो दरवेळी कोऱ्या पाटीने उभा राहतो. असे का होते, याचे उत्तर पोलिसांच्या आळसात शोधले जाते. ते काही अंशी खरेही आहे. पण मूळ त्याहून जुने आहे. आपल्या कायद्याने ‘सराईत’ हा शब्द कुणासाठी घडवला, तिथपर्यंत ते जाते.

१८६० च्या भारतीय दंड संहितेत वाढीव शिक्षेचे सर्वसाधारण कलम एकच होते, कलम ७५. आधी दोषी ठरलेल्याने पुन्हा गुन्हा केला तर जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कारावास, अशी त्याची मात्रा कडक होती. पण ते फक्त दोन प्रकरणांपुरते होते: नाणी व सरकारी मुद्रांक यांचे गुन्हे (प्रकरण १२) आणि मालमत्तेविरुद्धचे गुन्हे (प्रकरण १७). त्यातही दोन्ही गुन्हे तीन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेचे असायला हवेत. म्हणजे दुसऱ्यांदा घरफोडी करणाऱ्याला जन्मठेपेची भीती आणि दहाव्यांदा बायकोचा हात मोडणाऱ्याला पहिल्या वेळेइतकीच शिक्षा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम १३ मध्ये हीच तरतूद प्रकरण १० आणि प्रकरण १७ यांच्यासाठी जवळपास जशीच्या तशी आली. नवऱ्याच्या क्रूरतेचे कलम ८५ प्रकरण ५ मध्ये आहे, दुखापतीची कलमे प्रकरण ६ मध्ये. दोन्ही कुंपणाबाहेर. संहिता नव्याने लिहिली जात असताना हे कुंपण हलवण्याची संधी होती, ती घेतली गेली नाही.

‘सराईत’ या कल्पनेची दुसरी शाखा १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची. त्यात माणसाने काय केले यापेक्षा तो कुठे जन्मला हे पाहिले जाई. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला आणि त्याच्या जागी राज्याराज्यांत सवयीच्या गुन्हेगारांविषयीचे कायदे आले. शेजारच्या मुंबई राज्याचा १९५९ चा. या कायद्यांचा साचा असा, की सलग पाच वर्षांच्या काळात अनुसूचीतल्या गुन्ह्यांसाठी निदान तीनदा कारावासाची शिक्षा झालेला माणूस ‘सवयीचा’. गोव्यातही पुढे असा कायदा झाला. रोख रस्त्यावरच्या, भटक्या, बेघर माणसावर होता, घरदार असलेल्यावर नव्हे. ३ ऑक्टोबर २०२४ च्या सुकन्या शांता निकालात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतला जातिभेद घटनाबाह्य ठरवला आणि ‘सवयीचा गुन्हेगार’ या शिक्क्याच्या गैरवापरावरही बोट ठेवले. म्हणून घरगुती हिंसेसाठी हाच शिक्का मागणाऱ्यांनी त्याचा इतिहास एकदा वाचावा. शिक्का कुणावर आधी बसतो, हे त्यात स्पष्ट दिसते.

गोव्याची वाट १९६१ पर्यंत वेगळी होती. इथे १८८६ ची पोर्तुगीज दंड संहिता चालत होती आणि तिची पुनरावृत्तीची व्याख्या तुलनेने मोकळी होती. अंतिम निकालाने दोषी ठरल्यावर आठ वर्षांच्या आत त्याच स्वरूपाचा गुन्हा पुन्हा केला, की ती ‘रेइन्सिदेन्सिया’, आणि शिक्षा वाढे. चोरी असो वा मारहाण, प्रकरणाचे बंधन नव्हते. कागदावर पाहिले तर या एका मुद्द्यावर ती संहिता ब्रिटिशांच्या पुढे होती.

पण त्याच संहितेचे कलम ३७२ वाचले की कौतुक ओसरते. पत्नीला व्यभिचार करताना पकडून जागीच तिला किंवा तिच्या साथीदाराला ठार मारणाऱ्या नवऱ्याला शिक्षा एवढीच, की सहा महिने त्या न्यायक्षेत्राबाहेर राहायचे. १८६७ च्या नागरी संहितेचे कलम ११८५ सांगत होते की नवऱ्याने बायकोचे व तिच्या मालमत्तेचे रक्षण करावे आणि बायकोने त्याची आज्ञा पाळावी. याउलट ३ नोव्हेंबर १९१० च्या घटस्फोट कायद्याने छळ आणि गंभीर अपमान ही घटस्फोटाची कारणे मानली. तेव्हा बाईला सुटायचा दरवाजा दिवाणी बाजूने थोडा उघडला गेला, फौजदारी बाजूने नाही. नागरी संहितेचा कुटुंबविषयक भाग गोव्यात आजही लागू आहे. त्यातल्या समाईक मालमत्तेच्या पद्धतीमुळे अनेक गोमंतकीय बायकांचा घरात मालकीचा अर्धा वाटा असतो. मार खाऊन माहेरी निघताना ही गोष्ट बहुतेकींच्या लक्षात नसते आणि घरच्यांपैकी कुणी ती लक्षात आणूनही देत नाही.

मुक्तीनंतर १९६२ च्या नियमनाने भारतीय कायदे गोवा, दमण व दीवला आणण्याची सोय झाली आणि दंड संहिता लागू झाल्यावर कलम ७५ चे कुंपणही इथे आले. आठ वर्षांची मोकळी व्याख्या गेली. त्यावर फारसे कुणी हळहळले नाही, कारण बायकोला मारणे हा खटल्याचा विषय आहे असे तेव्हा मानलेच जात नव्हते.

ते चित्र १९८३ मध्ये बदलले. दंड संहितेत कलम ४९८ अ घातले गेले: नवरा किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेली क्रूरता, तीन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड. गोव्यात १९८६ मध्ये ‘बायलांचो साद’ ही स्त्रियांची संघटना उभी राहिली आणि घरातली मारहाण चारचौघांत बोलायचा विषय झाली. कलम ४९८ अ (आताचे ८५ व ८६) वाचताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. इथे पुनरावृत्ती गुन्हा सिद्ध करण्याच्या कामी खर्ची पडते. एका थपडेने सहसा ‘क्रूरता’ होत नाही, वागण्याचा सिलसिला दाखवावा लागतो. म्हणजे पाच वर्षांचा मार हा एकच गुन्हा, आणि त्याची कमाल शिक्षा तीन वर्षे. सुटून आल्यावर पुन्हा मारले तर पुन्हा तीच कमाल. आधीची शिक्षा न्यायाधीश विचारात घेऊ शकतो, पण त्या तीन वर्षांच्या छपराखालीच.

दुसरीकडे हे कसे करतात याचे एक उदाहरण अमेरिकेतल्या टेक्सास राज्याचे. तिथे कुटुंबातल्या माणसावर हल्ल्याची आधीची दोषसिद्धी असेल तर पुढचा साधा हल्लाही दोन ते दहा वर्षांच्या शिक्षेचा गंभीर गुन्हा होतो. शिवाय बारा महिन्यांत दोन किंवा अधिक हल्ले झाले, तर आधी शिक्षा झालेली नसतानाही ‘सततची हिंसा’ हा वेगळा गुन्हा लागतो. पहिली तरतूद दोषसिद्धी मोजते, दुसरी घटना मोजते. आपल्याकडे मुळात दोषसिद्धीच क्वचित होते, म्हणून दुसरी पद्धत जास्त विचार करण्याजोगी.

आपल्या कायदेमंडळाला पायरीपायरीने वाढणारी शिक्षा माहीत नाही असेही नाही. २०१३ च्या दुरुस्तीत पाठलागाच्या गुन्ह्याला पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत आणि पुढच्या वेळी पाच वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली. पहिला गुन्हा जामीनपात्र, पुढचा अजामीनपात्र. आता ते न्याय संहितेचे कलम ७८ आहे आणि वेगळ्या राहणाऱ्या बायकोच्या मागे लागणाऱ्या नवऱ्यालाही लागू शकते. फिर्याद लिहिताना ते बहुधा राहून जाते.

२००५ चा घरगुती हिंसाचार कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. तो मुळात दिवाणी स्वरूपाचा. कलम १२ खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज, साधारण तीन दिवसांत पहिली तारीख, साठ दिवसांत निकालाचा प्रयत्न, कलम २३ खाली तातडीचा अंतरिम आदेश. पुनरावृत्तीच्या दृष्टीने महत्त्वाचे कलम ३१. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कारावास, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र (पोलीस वॉरंटाविना अटक करू शकतात) व अजामीनपात्र, आणि कलम ३२ प्रमाणे एकट्या पीडितेच्या साक्षीवरही न्यायालय दोषी ठरवू शकते. पण आदेश तीनदा मोडला तरी प्रत्येक वेळची कमाल एक वर्षच.

चुका होतात त्या इथे. कलम ३१ ची भाषा ‘संरक्षण आदेश’ अशी आहे. पोटगीचा किंवा घरात राहण्याचा आदेश मोडल्यास ते लागते का, यावर उच्च न्यायालयांत एकमत नाही. म्हणून अर्जात कलम १८ खालचा आदेश स्वतंत्रपणे आणि नेमका मागावा: मारू नये, फोन करू नये, कामाच्या जागी येऊ नये. आदेशाची प्रत कलम २४ प्रमाणे संबंधित पोलीस ठाण्याला जायला हवी. ती तिथे पोचली का, याची खातरजमा स्वतः करावी. प्रत नसेल तर रात्री आलेल्या पोलिसाला काय मोडले तेच कळत नाही. कलम २५ प्रमाणे, पीडिता स्वतः रद्द करण्याचा अर्ज देईपर्यंत संरक्षण आदेश चालू राहतो. समेट झाला म्हणून तो घाईने मागे घेण्याचे कारण नाही. आदेशभंगाची तक्रार एका वर्षाच्या मुदतीत करावी. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले की कलम १२ च्या अर्जाला मुदतीचे बंधन नाही, ते आदेशभंगाच्या गुन्ह्याला आहे. गोव्यात या कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याचे काम बराच काळ गटविकास अधिकाऱ्यांकडे होते. पंचायतींची कामे सांभाळून ज्याला घरगुती घटनेचा अहवाल भरायचा, तो किती तपशिलाने भरणार हे सांगायला नको.

मग दोषसिद्धी का होत नाही? साध्या दुखापतीचे न्याय संहितेतले कलम ११५(२) अदखलपात्र, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. ठाण्यात ‘एनसी’ नोंद होते आणि न्यायालयात जाण्याचा सल्ला मिळतो. खटला उभा राहिलाच तर गुन्हा तडजोडपात्र आहे, आणि तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटकेसारखा. आधीच्या शिक्षेमुळे वाढीव शिक्षेस पात्र असलेल्या आरोपीला तडजोड करता येत नाही असा नियम आहे (नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, कलम ३५९). पण वाढीव शिक्षा चोराला, म्हणून ही अडचणही चोरालाच. क्रूरतेचा गुन्हा तडजोडपात्र नाही, तो पर्वरीला उच्च न्यायालयात परस्परसंमतीने रद्द करून घेतला जातो. उरलेल्यांत काही जण चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटतात.

हातात राहते ती ‘चॅप्टर केस’. वारंवार शांतताभंगाचे गुन्हे करणाऱ्याकडून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२९ खाली (जुने ११०) कार्यकारी दंडाधिकारी तीन वर्षांपर्यंतच्या चांगल्या वर्तणुकीचा जामीनदारांसह बाँड घेऊ शकतात. त्यासाठी आधीची दोषसिद्धी लागत नाही, सवय दाखवावी लागते. म्हणून प्रत्येक एनसीची प्रत, गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) किंवा जिल्हा रुग्णालयाचे वैद्यकीय कागद आणि ११२ वर केलेल्या कॉलच्या तारखा जपून ठेवाव्यात. चौकशी सहा महिन्यांत संपली नाही तर कार्यवाही बहुधा आपोआप गळते, आणि गळते ती बहुतेक याच कारणाने. कलम १२५ (जुने १०६) तर खुद्द न्यायालयाला दिलेले आहे: हल्ल्यासाठी दोषी ठरवतानाच तीन वर्षांपर्यंत शांतता राखण्याचा बाँड. सरकारी वकिलाने तोंडाने मागितला नाही तर तो सहसा होत नाही. मागितला जातो फार थोड्या वेळा.

आधीची शिक्षा सिद्ध करायची झाली तर साधे निवेदन पुरत नाही. त्या न्यायालयाच्या निकालाचा प्रमाणित उतारा किंवा तुरुंगाधिकाऱ्याचा दाखला लागतो, आणि त्याबरोबर ‘तो माणूस हाच’ याचा पुरावा. गोव्यात शेवटच्याच गोष्टीवर गाडी अडते. एका कागदावर प्रभू, दुसऱ्यावर पोरोब; एकावर शेणवी, दुसऱ्यावर सिनाय; नायकाचे स्पेलिंग दोन तऱ्हांचे; एका नोंदीत बापाचे नाव, दुसरीत वाड्याचे. लग्नाचे घर फोंड्याला आणि माहेर पेडण्याला असेल तर नोंदीही दोन ठाण्यांत विखुरलेल्या. पहिल्याच फिर्यादीत आरोपीचे पूर्ण नाव, त्याची सर्व रूढ रूपे, वडिलांचे नाव, जन्मतारीख आणि दोन्ही पत्ते लिहून घेतले, तर पुढच्या वेळी जामिनाला विरोध करताना किंवा आधीचा जामीन रद्द करून घेताना सरकारी वकिलाकडे दाखवायला काहीतरी असते.