काटा, वारा आणि ४४४० : मोटारसायकलवर गाणं कसं चढलं

जुन्या बुलेटच्या हेडलाइटवर एक लहानसा गोल मीटर असायचा. अँपिअरचा. हॉर्न दाबला की त्याचा काटा डावीकडे झुकायचा आणि गाडी रेसवर आली की सावकाश उजवीकडे सरायचा. वीस-बावीस वर्षांपूर्वी कुडाळला एका म्हाताऱ्या वायरमनकडे मी गाडीला स्पीकर बसवून घ्यायला गेलो. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, हॉर्न दाबून काटा झुकवून दाखवला आणि म्हणाला, “मेल्या, स्पीकर लावतलस, पण तेका करंट खंयसून येतलो?”

आज सागरी महामार्गावर शनिवार-रविवारी गाणी वाजवत जाणारे जथे दिसतात, तेव्हा हाच प्रश्न आठवतो : करंट कुठून येणार? मोटारसायकलवरच्या गाण्याचा सगळा इतिहास त्या प्रश्नात आहे. त्यात फक्त वाऱ्याची भर घालायची.

मोटारीत रेडिओ खऱ्या अर्थाने आला तो १९३० साली. अमेरिकेत पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने मोटारीत बसेल आणि परवडेल असा रेडिओ काढला आणि त्याला ‘मोटोरोला’ हे नाव दिलं. त्या काळच्या रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह. त्यांना शे-दोनशे व्होल्ट लागायचे आणि गाडीची बॅटरी सहा व्होल्टची. मग व्हायब्रेटर नावाचा गुणगुणणारा डबा मध्ये बसवून व्होल्टेज चढवत. मोटारीला हे झेपलं, कारण तिचा डायनॅमो मोठा होता आणि डोक्यावर छप्पर होतं. मोटारसायकलकडे दोन्ही नव्हतं. क्रायस्लरने १९५६ च्या इम्पीरियलमध्ये पूर्ण ट्रान्झिस्टरचा रेडिओ दिला आणि व्हॉल्व्हची कटकट मिटली, तरी दुचाकीवाला होता तिथेच राहिला.

त्याची वाट मोकळी केली ती बटन-स्टार्टने. अमेरिकेतल्या हार्ले-डेव्हिडसनच्या मोठ्या गाड्यांना १९६५ मध्ये सेल्फ आला, नाव पडलं इलेक्ट्रा ग्लाइड, आणि सेल्फ फिरवायचा म्हणून बॅटरी १२ व्होल्टची झाली. गाण्याचा विचारही कुणाच्या मनात नव्हता, पण वीज घरात आली. १९६९ मध्ये त्याच गाडीला पुढून वटवाघळाच्या पंखासारखी फेअरिंग, म्हणजे वारा अडवणारं काचेसकटचं कवच, मिळाली. सत्तरच्या दशकात क्रेग व्हेटर यांची विंडजॅमर फेअरिंग वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांवर चढली. तिच्या आत दोन्ही बाजूंना कप्पे होते. रिकामा कप्पा दिसला की माणसाला त्यात काहीतरी ठेवावंसं वाटतंच. लोकांनी मोटारीचे टेप आणि स्पीकर ठेवले. होंडाची गोल्डविंग बाजारात आली १९७५ ला, तीही आधी उघडीच. १९८० च्या इंटरस्टेटला मात्र कारखान्यातूनच फेअरिंग आणि डिक्क्या आल्या, आणि जादा पैसे मोजले की स्टिरिओही. लांबच्या प्रवासाची गाडी म्हणजे गाणारी गाडी, ही कल्पना रुजली ती इथून.

सगळीकडे फेअरिंगच का येते, ते जरा थांबून पाहण्यासारखं आहे. ताशी ६० किलोमीटरला हेल्मेटच्या आत नुसत्या वाऱ्याचा आवाज ९० डेसिबलच्या आसपास जातो, आणि वेग वाढेल तसा चढतच राहतो. त्याच्या वरताण गाणं ऐकू यायला हवं असेल तर आवाज वाढवणं आलं. पण कानाला दुप्पट वाटावा इतका आवाज हवा, तर अँपची (अँप्लिफायरची) ताकद साधारण दसपट लागते. वीस वॅटचे दोनशे वॅट करावे लागतात. दुसरीकडे, स्पीकर कानापासून निम्म्या अंतरावर आणला तर सहा डेसिबल फुकट मिळतात. काचेमागे वारा पडलेला असतो आणि स्पीकर छातीसमोर येतो. काम तिथेच होतं. तिसरा फायदा बासचा. स्पीकरचा पडदा पुढे ढकलतो तितकीच हवा मागे ओढतो. मागची बाजू बंद नसेल तर दोन्ही लाटा एकमेकींना खाऊन टाकतात आणि ढोलकीचा धुम्मा नाहीसा होऊन नुसती टिकटिक उरते. फेअरिंगची पोकळी आयतीच पेटी झाली. पुढे अमेरिकेत डिक्कीच्या झाकणात ६ बाय ९ इंची स्पीकर बसवायची टूम निघाली, तिचं कारणही हेच. हँडलला नळीसारखे उघडे स्पीकर बांधणाऱ्यांना हे सांगून उपयोग नसतो, मी सांगून पाहिलंय.

आपल्याकडे ना काच होती, ना करंट. स्प्लेंडर १९९४ मध्ये आली. किकवाल्या स्प्लेंडरची बॅटरी अडीच अँपिअर-तासाची, हॉर्न आणि इंडिकेटरपुरती. हेडलाइट थेट मॅग्नेट कॉइलवर, म्हणजे इंजिन फिरेल तेवढ्याच विजेवर. तिच्यावर ५० वॅट ओढायचे म्हणजे चार अँपिअरच्या वर. अर्ध्या तासात हॉर्न मुका.

त्यामुळे कोकणातलं रस्त्यावरचं गाणं वाढलं ते चारचाकीत आणि होडीत. वडापच्या मागच्या सीटखाली, आंब्याच्या पेट्या वाशीला नेणाऱ्या ट्रकच्या केबिनमध्ये, हर्णै-मिरकरवाड्याच्या ट्रॉलरवर. कॅसेटवर डबलबारीची भजनं, शिमग्याला नमनाची गाणी. या सगळ्या डेकांच्या पोटात बहुधा एकच जीव असायचा, ४४४०. जपानच्या सान्योची एलए ४४४० ही आयसी, म्हणजे अख्खा अँप एका चिपमध्ये. हिला १३ व्होल्टच्या आसपास पुरवठा लागतो, म्हणजे गाडीच्या बॅटरीवर जशीच्या तशी चालते. दोन चॅनलला सहा-सहा वॅट, ब्रिज केली, म्हणजे दोन्ही चॅनल एकाच स्पीकरला जोडले, तर एकोणीस. आपल्या बाजारपेठेत ‘४४४० चा बोर्ड’ सुटा मिळायचा, उष्णता काढणाऱ्या हीटसिंकसकट. १२ व्होल्टवर, व्होल्टेज चढवल्याशिवाय, चार ओहमच्या स्पीकरला याहून फारसं जास्त देता येतच नाही. ‘१००० वॅट’ छापलेला खोका दिसला तर मागचा फ्यूज पाहावा. दहा अँपिअरचा असेल तर बारा गुणिले दहा, १२० वॅट. तेही आत शिरणारे, बाहेर पडणारे त्याहून कमी.

बाहेर पडणारे किती, याचं गणित बदललं ते क्लास-डी अँपने. कल्पना पन्नासच्या दशकातली, पण चांगले मॉस्फेट (झपाट्याने चालू-बंद होणारे ट्रान्झिस्टर) स्वस्त झाल्यावर ती खरी कामाची ठरली. ४४४० सारखा जुना अँप घेतलेल्या विजेतली निम्मी-अर्धी उष्णतेत घालवतो. क्लास-डी ८०-९० टक्के आवाजाला देतो. काडेपेटीएवढा बोर्ड सीटखाली मावू लागला. ब्लूटूथने डेक, कॅसेट आणि पेनड्राइव्ह तिन्ही घालवले. हार्लेची विक्री आपल्याकडे २०१० मध्ये सुरू झाली, तेव्हा बटनांवर आवाज चालणारी गाडी पोरांनी डोळ्यांनी पाहिली. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा दिवा दिवसाही जळता ठेवणं सक्तीचं झालं आणि उरलासुरला करंट तिकडे गेला. एलईडी दिव्यांनी त्यातला थोडा परत दिला.

किनाऱ्याची अडचण वेगळीच. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि उरलेले आठ महिने खारी हवा. कागदी पडदा पहिल्याच आषाढात लोळागोळा होतो. तांब्याच्या तारेवर हिरवट चुरा धरतो आणि बिघाड स्पीकरचा वाटतो, निघतो जोडातला. म्हणून पॉलिप्रॉपिलीनचा पडदा, होडीच्या सामानाचे कलई केलेले वायर, आणि डब्यावर आयपी ६७ असेल तर उत्तम. त्याचा अर्थ धूळ शून्य आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास. समुद्राचं पाणी मात्र त्या चाचणीत धरलेलं नाही.

कायद्याचं थोडक्यात. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे: वस्तीत दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल, दवाखाना, शाळा, कोर्टाभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही. हे लक्षात ठेवून, फ्रेम न कापता, मूळ हार्नेसला (वायरिंगला) हात न लावता जे बसेल तेवढंच बसवावं. माझ्या मते गुहागरच्या वाडीतून संध्याकाळी जाताना तेवढंही बंद असलं तर बिघडत नाही.

मी शेवटी काय केलं? काचेमागे तीन इंची दोन स्पीकर बंद डब्यांत, साइड कव्हरमागे क्लास-डीचा बोर्ड, बॅटरीवरून थेट वायर, पाच अँपिअरचा फ्यूज आणि चावी फिरवली की वीज जोडणारा रिले. दाभोळच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघताना झकास वाजतं. परशुराम घाटात ऐकू येतं. चौपदरीवर सत्तरच्या पुढे शब्द कळत नाहीत, नुसता ठेका कळतो. नव्या गाडीला काटा नाही, पण यूएसबी सॉकेटवर व्होल्टचा लाल आकडा दिसतो. चौदाच्या आसपास असेल तर चार्जिंग होतंय. इंजिन चालू असूनही तो साडेबाराच्या खाली घसरू लागला की मी गाणं बंद करतो.