लेकराचा पहिला व्हिडिओ गेम घेण्याआधी

(आमच्या लातूरच्या दुकानातर्फे ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

दिवाळी किंवा उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की आमच्या काउंटरवर एकच प्रश्न येतो: "लेकरू सहा वर्षांचं आहे, सगळ्यात भारी गेम कोणता?" भारी गेम दाखवायला दोन मिनिटं लागतात. पण पाच ते आठ वर्षांच्या मुलांना आम्ही तो सहसा सुचवत नाही. महागडं यंत्र घरी जातं, मोठा भाऊ खेळतो आणि ज्याच्यासाठी आणलं ते धाकटं शेजारी बसून बघत राहतं. हे आम्ही फार वेळा पाहिलंय.

आधी हात बघा

मागच्या दिवाळीत औशाहून एक आजोबा नातीला घेऊन आले. सोनी कंपनीचं पीएस५ (प्लेस्टेशन ५) हे गेमचं यंत्र घ्यायचं ठरवूनच आले होते. पोरीच्या हातात त्याचा रिमोट दिला. तो सुमारे २८० ग्रॅमचा. तिची बोटं मागच्या बटणांपर्यंत पोचेनात, म्हणून तिने रिमोट मांडीवर ठेवला आणि एकाच अंगठ्याने दाबायला लागली. मग आम्ही निन्टेंडो कंपनीच्या स्विच या यंत्राचे दोन छोटे सुटे रिमोट, म्हणजे जॉय-कॉन, काढले. एकेक जेमतेम ५० ग्रॅमचा. एक तिला आडवा धरायला दिला, दुसरा आजोबांना. मारिओ कार्ट हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावला. त्यात स्मार्ट स्टिअरिंग चालू ठेवलं की गाडी रस्त्याबाहेर पडू लागली तरी आपोआप वळून आत येते, आणि वेगही आपोआप धरता येतो. तिसऱ्या फेरीला आजोबा मागे पडले होते आणि पोरगी "आबा, या ना लवकर" म्हणत होती.

आठ वर्षांच्या आतल्या मुलासाठी आमचं मत म्हणूनच स्वच्छ आहे: लहान हातात मावणारं, एकाच खोलीत दोघांना शेजारी बसून खेळता येणारं आणि नेटशिवाय चालणारं यंत्र घ्या. चित्र किती झकपक दिसतं, ते नंतर बघू.

कोणतं यंत्र कोणासाठी

मूळ स्विच २०१७ सालचं. टीव्हीला जोडता येतं, हातात धरूनही खेळता येतं, आणि दोघांपुरते रिमोट खोक्यातच येतात. २०२१ चं ओएलईडी मॉडेल तसंच आहे, स्क्रीन मोठी आणि उजळ. स्विच लाइट स्वस्त पडतं म्हणून गिऱ्हाइकाचा हात आधी तिकडे जातो, पण ते टीव्हीला जोडता येत नाही आणि त्याचे रिमोट सुटे होत नाहीत. घरात दोन मुलं असतील तर स्विच लाइट घेऊ नका, रोज भांडण होईल. स्विच २ जून २०२५ मध्ये आलं. जुन्या स्विचच्या गेमच्या बहुतेक कॅसेट त्यावर चालतात, पण पहिल्या यंत्रासाठी एवढा खर्च करायची गरज आम्हाला वाटत नाही.

स्विचची कॅसेट अगदी लहान असते. घरात रांगतं बाळ असेल तर जपा. कंपनीने तिला मुद्दाम कडू लेप दिलेला असतो, तोंडात घातली की मूल थुंकतं. तरी ती डबीतच ठेवा.

एक गोष्ट विकण्याआधी सांगतो. निन्टेंडो भारतात अधिकृतपणे विक्री करत नाही. इथे मिळणारं स्विच आयात केलेलं असतं, त्यावर कंपनीची भारतातली वॉरंटी नसते. काही वर्षांपूर्वी एका पुरवठादाराने "वर्षाची गॅरंटी" म्हणून आम्हाला माल दिला आणि पहिला पीस बिघडल्यावर फोन उचलणं बंद केलं. ते नुकसान आम्ही सोसलं, गिऱ्हाइकावर टाकलं नाही. तेव्हापासून दुकानाची जबाबदारी किती दिवसांची, हे आम्ही बिलावरच लिहून देतो. कुठूनही घ्या, पण हे लिहून घ्या.

पीएस५ दहा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलांना शोभतो. मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स सिरीज एस हे यंत्र आकाराने लहान आहे, पण त्यात सीडी चालत नाही, सगळे गेम डाउनलोडच करावे लागतात. गावाकडे घरी वायफाय नसेल तर हा हिशोब करा: ५० जीबीचा एक गेम मोबाइलच्या रोजच्या २ जीबी डाटावर उतरवायला २५ दिवस लागतील.

जत्रेत मिळणारे "शेकडो गेम एकात"वाले स्वस्त डबे आम्ही ठेवत नाही. आपल्या लहानपणीचे कॅसेटवाले टीव्ही गेमही बहुतेक निन्टेंडोच्या १९८३ च्या यंत्राची नक्कलच होते आणि त्यांनी आपल्याला भरपूर आनंद दिला, हे खरं. पण आजच्या या डब्यांतल्या फुगलेल्या बॅटऱ्या आम्ही पाहिल्यात. लेकराच्या हातात ती वस्तू नको.

लाइट आणि ऊन

खेळ चालू असताना लाइट गेली की पीएस५ पुढच्या वेळी सुरू होताना आधी स्वतःची साठवण तपासत बसतो, आणि न साठवलेला खेळ जातो. त्याला इन्व्हर्टरचा आधार हवाच. स्विच टीव्हीवरून काढून हातात घेतलं की स्वतःच्या बॅटरीवर चालतं.

दोन्ही यंत्रं ५ ते ३५ अंश तापमानात वापरण्यासाठी बनवलेली आहेत. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याच्या खोलीत तर त्याहून जास्त. त्या दिवसांत दुपारी यंत्र बंदच ठेवा, सकाळी किंवा दिवे लागल्यावर खेळू द्या. शोकेसच्या बंद कप्प्यात कोंबू नका आणि वरून भरतकामाचा रुमाल झाकू नका, हवा जायच्या फटी बुजतात.

गेम निवडताना

खोक्यावर ३, ७, १२, १६, १८ असा वयाचा आकडा असतो. तो गेममध्ये काय दिसतं आणि ऐकू येतं ते सांगतो, गेम किती अवघड आहे ते सांगत नाही. फुटबॉलच्या गेमवर ३ लिहिलेलं असतं, पण तीन वर्षांच्या पोराला तो खेळता येणार नाही. शिवाय स्विचमध्ये मराठी भाषा नाही. मूल मराठी शाळेत पहिली-दुसरीत असेल तर इंग्रजी पाट्या वाचून पुढे जायचा गेम नको, चित्रावरून कळणारा घ्या.

"अभ्यासाचं काय?"

लातुरात हा प्रश्न येणारच, आणि यायलाच हवा. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने, दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास आणि पाच ते दहा वर्षांसाठी दोन तासांपेक्षा कमी स्क्रीन सांगितली आहे. त्यात मोबाइल आणि टीव्हीही आले. स्विचचं पालकांसाठीचं मोफत ॲप तुमच्या मोबाइलवर आम्ही इथेच बसवून देतो. ठरवलेली वेळ संपली की खेळ आपोआप थांबेल, अशी सोय त्यात आहे. यंत्राच्या खात्याला बँकेचं कार्ड जोडून ठेवू नका आणि पिन मुलासमोर दाबू नका. मुलाला पूर्वी कधी झटके आले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यंत्र घेऊच नका, लखलखत्या चित्रांनी काही मुलांना त्रास होतो.

येताना मुलाला सोबत आणा आणि टीव्हीच्या मागच्या बाजूचा फोटो मोबाइलमध्ये काढून आणा. यंत्राची वायर लावायची एचडीएमआयची जागा आहे की नाही ते फोटोत कळतं. जुना डबा टीव्ही असेल तर वेगळा कन्व्हर्टर लागेल. काउंटरवरचं यंत्र खेळून बघायला पैसे नाहीत. भाव आयातीप्रमाणे बदलतात म्हणून इथे छापले नाहीत, त्या दिवशीचा भाव फोनवर विचारून मगच निघा.