बिलावरचा टॅक्स आणि बोस्टनचा चहा

नमस्कार मंडळी, या वेळी चहाच्या पुड्यासोबत हा कागद टाकतोय कारण काउंटरवर एक जोक फार चालतो. बिलावर ५ टक्के जीएसटी दिसला की कोणीतरी म्हणतंच, "चला, हा पण समुद्रात फेकू, अमेरिकेत फेकला होता तसा." हसतो आम्ही पण, फक्त एक सांगायचंय, तिथे बोस्टन बंदरात चहा महाग झाला म्हणून फेकला नव्हता, उलट स्वस्त होणार होता!

झालं काय की १७६७ मध्ये लंडनच्या पार्लमेंटने अमेरिकन वसाहतींमध्ये जाणाऱ्या काच, कागद, रंग, शिसं आणि चहावर टॅक्स लावला, लोकांनी ब्रिटिश मालावर बहिष्कार टाकला, मग १७७० मध्ये बाकीचे टॅक्स काढले पण चहाचा ठेवला, पौंडाला म्हणजे साधारण ४५० ग्रॅमला ३ पेन्स. रक्कम किरकोळ, पण त्या पार्लमेंटात वसाहतींचा एकही खासदार नाही, म्हणजे विचारायचं नाही आणि वसूल मात्र करायचं, राग त्याचा होता. लोक बिनधास्त डचांचा चोरटा चहा प्यायचे.

इकडे ईस्ट इंडिया कंपनी (हो, तीच) कर्जात बुडालेली आणि लंडनच्या गोदामांत दीड कोटी पौंड वजनाहून जास्त चहा पडून. म्हणून १७७३ मध्ये कायदा आला, कंपनीने थेट अमेरिकेत माल पाठवायचा, तिथे कंपनी ठरवेल तेच मोजके एजंट विकणार, भाव खाली, पण ते ३ पेन्स तसेच. मधले सगळे व्यापारी बाद! छोटे दुकानदार म्हणून सांगतो, हे वाचून आमच्याच पोटात गोळा येतो. त्यात बोस्टनच्या एजंटांमध्ये तिथल्याच गव्हर्नर हचिन्सनची दोन मुलं. आणि लोकांना दिसत होतं की स्वस्त म्हणून हा चहा घेतला की टॅक्स मान्य केल्यासारखंच झालं.

नोव्हेंबरच्या शेवटी बोस्टनला चहा घेऊन डार्टमाउथ जहाज आलं, मागून एलिनॉर आणि बीव्हर. नियम असा की २० दिवसांत ड्यूटी भरा नाहीतर कस्टमवाले माल जप्त करणार. लोक म्हणाले जहाजं परत पाठवा, गव्हर्नर सोडेना. शेवटी १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री काही लोक मोहॉक आदिवासींसारखा वेश करून जहाजांवर चढले आणि तीनेक तासांत सुमारे ३४० पेट्या फोडून पाण्यात टाकल्या, ४२ टनांच्या आसपास चहा. ओहोटी होती त्यामुळे जहाजाच्या कडेला चहाचे ढीगच साचले, सकाळी होड्यांतून वल्ह्यांनी दाबून बुडवावा लागला. (काळ डोळ्यासमोर यावा म्हणून सांगतो, त्याच वर्षी गणपतीत शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला होता.)

पुढे इंग्रजांनी बंदरच बंद केलं, प्रकरण वाढत वाढत अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धापर्यंत गेलं. आम्हाला जास्त गंमत वाटते ती घराघरातली, म्हणजे बायकांनी चहा सोडला आणि रासबेरीची पानं उकळून प्यायला सुरुवात केली, बरेच जण कॉफीकडे वळले.

आणि हो, "तो आसाम चहा होता का" असं विचारतात. नाही हो, सगळा चीनचा, जास्त करून बोही नावाचा काळा चहा. आसामचा चहा लंडनला पोचला तो १८३० च्या दशकाच्या शेवटी, आणि आपण आलं घालून उकळतो ती ममरी म्हणजे सीटीसी (मशीनवर बनवलेली दाणेदार पत्ती), ती तर १९३० नंतरची.

तेव्हाच्यासारखा अख्ख्या पानांचा चहा प्यायचा असेल तर आमच्याकडची लांब पत्ती घ्या, अगदी तोच नाही पण अंदाज येईल. कपाला एक चमचा, उकळतं पाणी वर ओतायचं, झाकण ठेवून ४ मिनिटं, मग गाळायचं. प्लीज ती पातेल्यात उकळू नका, कडू होते आणि मग तक्रार आमच्याकडे येते. दूध-साखर-आल्याच्या चहाला ममरीच बरी, ती निम्म्या भावात मिळते.