सर्व्हे करून घ्यायच्या आधी एवढं वाचून घ्या

कामगारांचा सर्व्हे करून घ्यायला आमच्याकडे पहिल्यांदा येणारे बरेच जण म्हणतात, "आमचे लोक खूश आहेत की नाही तेवढं काढून द्या." तेवढं काढणं सोपं आहे पण त्याचा उपयोग फार कमी, आणि का कमी ते सांगायलाच हे पत्रक. "कामावर समाधानी आहात का" असं विचारलं की पुष्कळ लोक हो म्हणून मोकळे होतात, कोणी नोकरी टिकवायची म्हणून, कोणी आधीची नोकरी याहून वाईट होती म्हणून, कोणी आता दुसरीकडे काही मिळणार नाही हे मनाशी धरलंय म्हणून. मग त्या हो वरून तुम्ही बदलणार काय?

म्हणून आम्ही मूडबद्दल कमी आणि कामाबद्दल जास्त विचारतो. ब्रेक घ्यायला परवानगी लागते का, शिफ्ट बदलली तर किती दिवस आधी कळतं, अडलं तर विचारायला कोणी असतं का, दोन साहेब दोन वेगळ्या गोष्टी सांगतात असं होतं का, गेल्या महिन्यात सुट्टीच्या दिवशी किती वेळा यावं लागलं. अशा प्रश्नाचं उत्तर वाईट आलं तर काय दुरुस्त करायचं ते तिथल्या तिथे दिसतं.

हे प्रश्न आम्ही मनाने काढलेले नाहीत. १९७९ मध्ये रॉबर्ट कॅरासेक या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी मांडलं की कामाचा रेटा जास्त आणि ते काम कसं करायचं हे ठरवायची मुभा कमी, हे दोन्ही एकत्र आलं की माणसावर सगळ्यात जास्त ताण येतो. पुढे त्यात सहकारी आणि वरिष्ठांचा आधार हा मुद्दा आला, आणि १९९६ मध्ये योहानेस सिग्रिस्ट या जर्मन समाजशास्त्रज्ञांनी मेहनत आणि मोबदला यांचा मेळ बसतो का हे बघायला सांगितलं, त्यात मोबदला म्हणजे पगार तर आहेच पण मान आणि नोकरीची शाश्वतीसुद्धा. लंडनमधल्या १०,३०८ सरकारी कर्मचाऱ्यांचा व्हाइटहॉल टू अभ्यास १९८५ साली सुरू झाला, त्यात ज्यांचा स्वतःच्या कामावर ताबा कमी त्यांच्यात हृदयविकाराचं प्रमाण जास्त निघालं. ही सगळी ऑफिसातली माणसं होती बरं का, ओझी उचलणारी नव्हेत, त्यामुळे "आमच्याकडे खुर्चीवरचं काम आहे, तब्येतीचा काय संबंध" असं कोणी म्हटलं की आम्ही हा अभ्यास पुढे करतो.

चांगली नोकरी म्हणजे काय हे मोजायला युरोफाउंड ही युरोपातली संस्था सात बाजू बघते: कामाची जागा, कामाचा वेग आणि रेटा, कामाच्या वेळा, माणसांची वागणूक, कौशल्य आणि मुभा, पुढची संधी, आणि कमाई. पगार हा सातातला एक. पगार वाढवूनसुद्धा लोक का जातात असं विचारणाऱ्यांना आम्ही बाकीचे सहा आधी दाखवतो.

शरीराच्या दुखण्यासाठी १९८७ ची नॉर्डिक प्रश्नावली आम्हाला फार आवडते, कारण ती एकदम साधी आहे. मान, खांदे, कोपर, मनगट, पाठ, कंबर, मांड्या, गुडघे, पावलं असे नऊ भाग, आणि प्रत्येकाला विचारायचं की गेल्या १२ महिन्यांत इथे त्रास झाला का, त्यामुळे रोजचं काम अडलं का, आणि गेल्या ७ दिवसांत झाला का. एका लाइनवरच्या बहुतेक लोकांचं उजवं मनगट दुखतंय असं दिसलं तर ते वयाचं किंवा नशिबाचं दुखणं नाही, तिथली उंची, पकड नाहीतर वेग तपासायला पाहिजे. मनाच्या तब्येतीसाठी डब्ल्यूएचओची, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची, पाचच प्रश्नांची डब्ल्यूएचओ फाइव्ह ही प्रश्नावली वापरतो, गेल्या दोन आठवड्यांबद्दलची, प्रत्येकाला ० ते ५, बेरजेला ४ ने गुणलं की १०० पैकी स्कोर. कमी स्कोर म्हणजे आजाराचं निदान झालं असं नाही, नीट लक्ष द्यायची खूण आहे एवढंच, आणि हा स्कोर कुणाच्या नावापुढे लिहून आम्ही कधीच देत नाही.

नावाचं नीट सांगतो, सगळ्यात जास्त गडबड तिथे होते. नाव न विचारणं पुरेसं नसतं. डिपार्टमेंट, वय, स्त्री की पुरुष, किती वर्षं नोकरी असं सगळं एकाच फॉर्मवर घेतलं आणि त्या डिपार्टमेंटमध्ये बायका तीनच असल्या तर नाव लिहिल्यासारखंच झालं. म्हणून १० पेक्षा कमी उत्तरं आलेल्या गटाचा आकडा आम्ही वेगळा दाखवत नाही, आणि एकूणातून बाकीचे वजा करून तो काढता येईल असं वाटलं तर शेजारचा गटसुद्धा झाकतो. भरलेले फॉर्म आमच्याकडेच राहतात, मॅनेजमेंटला मूळ डेटा मिळत नाही, मालकांनी मागितला तरी नाही. सुपरवायझरने समोर उभं राहून फॉर्म भरून घेणं तर अजिबात चालणार नाही, त्यापेक्षा सर्व्हे न केलेला बरा!

रिपोर्टात आम्ही नुसतं अ‍ॅव्हरेज देत नाही. समजा ६० जण आहेत, दिवसपाळीच्या ४० जणांनी ५ पैकी ४ दिले आणि रात्रपाळीच्या २० जणांनी १, तर अ‍ॅव्हरेज येतं ३, म्हणजे ठीकठाक, आणि प्रत्यक्षात ३ कोणीच दिलेला नाही. रात्रपाळीचा प्रॉब्लेम त्या आकड्यात गायब होतो.

कोणी उत्तर दिलं नाही हेही बघावं लागतं. ऑफिसच्या मेलवर लिंक पाठवली तर ज्यांना मेलच नाही ते सुटले, कंत्राटी लोक सुटले, आजारी रजेवर असलेले सुटले. आणि ज्यांना काम झेपलं नाही ते तर आधीच नोकरी सोडून गेलेले असतात, त्यामुळे उरलेले लोक तगडेच दिसतात आणि जागा सुरक्षित आहे असा समज होतो. म्हणून सर्व्हेच्या जोडीला आम्ही रजेचं रजिस्टर, अपघातांची नोंद आणि सोडून गेलेल्यांची यादी मागतो, आणि एकदा काम चालू असताना जागेवर फिरून बघतो. कामाचे तासही रजिस्टरवरून पडताळतो, कारण डब्ल्यूएचओ आणि आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) यांनी २०२१ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा स्ट्रोकचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो.

पुढच्या वर्षी परत मोजायचं असेल तर त्याच महिन्यात, त्याच शब्दांत विचारायचं. ऑर्डरच्या घाईत एकदा आणि मंदीत एकदा विचारलं तर फरक सीझनचा की तुमच्या सुधारणेचा हे कुणालाच सांगता येणार नाही.

काम घेण्याआधी आमची एक अट असते, निकाल सगळ्या कामगारांना कधी सांगणार ती तारीख फॉर्म वाटायच्या आधी ठरवायची आणि फॉर्मवरच छापायची. त्यासोबत पहिल्या तीन महिन्यांत करता येईल अशी निदान एक दुरुस्ती आणि तिची जबाबदारी कुणाची हे लेखी द्यायचं. ते द्यायची तयारी झाली की पुढच्या आठवड्यापासून काम सुरू करता येतं.