सील फाडायचं कोणी? तयार अप्लायन्स आणि जुळवलेल्या रॅक सर्व्हरची पार्श्वभूमी

जिनिंगच्या हंगामात एका कारखान्याच्या ऑफिसातून फोन आला, "भाऊ, डबा बंद पडना!" डबा म्हणजे ऑफिसच्या फाइली ठेवायला, फाइल सर्व्हर म्हणून घेतलेला एक यू (पावणेदोन इंच) उंचीचा अप्लायन्स, एकाच कामासाठी कंपनीकडून तयार, सीलबंद मिळणारी पेटी. झाकणाच्या एका स्क्रूवर कागदी सील, फाडलं की वॉरंटी गेली. जाळीतून टॉर्च मारला तर पंख्यांवर रुईचा थर, उसवलेल्या रजईतून डोकावतो तसा. ब्लोअरचं काम पाच मिनिटांचं. पण सील फाडावं की कंपनीचा इंजिनिअर येईपर्यंत थांबावं, यात शेठजींचा अर्धा दिवस गेला. तयार पेटी की सुटे भाग आणून जुळवलेला सर्व्हर, हा वाद आमच्याकडे किमतीवरून सुरू होतो आणि अडतो तो या सीलपाशी.

रॅक या सगळ्यापेक्षा जुना. 19 इंच रुंदीची ही चौकट अमेरिकेत 1920 च्या दशकात टेलिफोन यंत्रणेतले रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, बसवायला आली. उंचीचं माप ठरलं 1.75 इंच, म्हणजे 44.45 मिलिमीटर, तोच आजचा 'एक यू'. माप सगळ्यांचं एकच, त्यामुळे चेसिस म्हणजे बाहेरची पेटी एकाची, मदरबोर्ड दुसऱ्याचा, डिस्क तिसऱ्याच्या, असं जुळवणं पुढे सोपं झालं.

उलट विचार 1992 मध्ये सुरू झालेल्या नेटवर्क अप्लायन्स या कंपनीच्या नावातच होता. तिची यंत्रं एकच काम करायची, नेटवर्कवर फाइली पुरवायच्या. लोक त्यांना 'टोस्टर' म्हणत. ब्रेड घाला, खटका दाबा, आत काय आहे ते तुम्ही कशाला बघता?

ही कल्पना छोट्या धंद्यांपर्यंत नेली कोबाल्ट या अमेरिकी कंपनीने. 1998 मध्ये त्यांचा निळा चौकोनी 'क्यूब' आला आणि पाठोपाठ एक यूचा 'रॅक्यू'. रॅक्यूच्या तोंडावर छोटा एलसीडी आणि बाणांची बटणं. आयपी पत्ता तिथेच टाकायचा, बाकीचं ब्राउझरमधून. आत लिनक्स, पण विकत घेणाऱ्याला ते कळायची गरज नाही. मला आजही ही पेटी देखणी वाटते. पहिल्या पेट्यांत मिप्स नावाचा, साध्या पीसीत नसणारा प्रोसेसर होता. पुढे रॅक्यू 3 मध्ये एएमडीचा के6-2 आला, म्हणजे आतला माल तुमच्या-आमच्या पीसीतलाच झाला. सप्टेंबर 2000 मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीने सुमारे 2 अब्ज डॉलरच्या शेअर्सच्या बदल्यात कोबाल्ट घेण्याचं जाहीर केलं. 2003 संपता संपता ही यंत्रं बंदही झाली. सनने सॉफ्टवेअरचा कोड खुला केला म्हणून हौशी लोकांनी ते पुढे चालवलं. ज्यांनी 'आत बघायचं नाही' म्हणून पेटी घेतली होती, त्यांच्यावरच आत बघायची वेळ आली.

गुगलने तर दोन्ही दगडांवर पाय ठेवला. 1999 मध्ये त्यांचे स्वतःचे सर्व्हर म्हणजे एका ट्रेवर चार उघडे मदरबोर्ड आणि खाली इन्सुलेशनला बुचाचा तक्ता. केसचा खर्चसुद्धा नको! आणि 2002 पासून दुसऱ्यांना विकायला मात्र पिवळी सीलबंद सर्च अप्लायन्स. ती गुंडाळत असल्याचं 2016 मध्ये त्यांनी जाहीर केलं. फेसबुकने 2011 मध्ये ओपन कम्प्युट प्रोजेक्टमधून स्वतःच्या सर्व्हरचे आराखडेच खुले केले. ज्यांच्याकडे माणसं होती, त्यांनी जुळवलं. अप्लायन्स खपली ती माणसं नसलेल्यांना.

खानदेशात गणित थोडं फिरतं. इथे सर्व्हरचा इंजिनिअर नसतो, पण हार्डवेअरवाला पोरगा असतो. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट 15 ऑगस्ट 1995 ला सुरू झालं, आणि पुढच्या काही वर्षांत जळगावातही असेंबल्ड मशीनचं पीक आलं. पार्ट मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने यायचा, सकाळी गोलाणी मार्केटमध्ये बसवून मिळायचा. ब्रँडेडची आठवण निघाली की कोणीतरी अमळनेरचा विषय काढतोच. 1945 मध्ये वनस्पती तुपासाठी तिथे स्थापन झालेली कंपनीच पुढची विप्रो, जिने संगणकही बनवले. पण 2013 मध्ये तिनेही स्वतःच्या ब्रँडचे पीसी बनवणं थांबवलं.

दुसरी गोष्ट उन्हाची. सर्व्हरच्या तोंडाशी हवा 18 ते 27 अंश असावी, अशी ॲशरे या वातानुकूलन इंजिनिअरांच्या संस्थेची शिफारस. भुसावळ-जळगावात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, आणि 'सर्व्हर रूम' म्हणजे बऱ्याचदा कॅशिअरच्या मागची खोली. एक यूच्या पेटीत 40 मिलिमीटरचे पंखे मावतात. मिनिटाला दहा हजारांच्या वर फेरे मारून ते किंचाळतात आणि धूळ-रुईने लवकर बसतात. दोन यूत 80 मिलिमीटरचे येतात. तेवढीच हवा सावकाश फिरून देतात, आणि बिघडले तर बदलायला साधे. पुण्या-मुंबईच्या थंडगार डेटा सेंटरात एक यू वाचवणं म्हणजे भाडं वाचवणं. इथे रॅकमधली निम्मी जागा रिकामीच असते, तर वाचवायचं काय?

म्हणून पतसंस्थेची शाखा असेल तर फायरवॉलसाठी, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटपासून राखण करणाऱ्या पेटीसाठी, मी तयार अप्लायन्सच सांगतो. मेली तर बदलून येते, आत जपण्यासारखं काही नसतं. फक्त लायसन्स नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवायची. खातेदारांचा डेटा मात्र जुळवलेल्या दोन यूत, दोन पॉवर सप्लाय लावून, आणि डिस्क चालवणारा कंट्रोलर असा की मेला तर डिस्क दुसऱ्या मशीनला लावून वाचता येतील.

त्या जिनिंगमध्ये शेवटी सील मीच फाडलं, शेठजींची सही घेऊन. आतला बोर्ड ओळखीचा निघाला, बाजारात सुटा मिळणारा. पंखे साफ केले, एक बदलला, डबा चालू झाला. आता झाकणाला चारच स्क्रू आहेत आणि टेबलाच्या खणात तसलेच तीन पंखे पडून आहेत.