कागद कोण करतलो? कोकणातल्या परदेशी धंद्याच्या सल्ल्याची पार्श्वभूमी

आंब्याचा सीझन जवळ आला की देवगड-रत्नागिरीकडे एक्स्पोर्टच्या सल्लागारांची चलती सुरू होते. आयईसी म्हणजे आयात-निर्यातीचा कोड काढून देतो, अपेडात म्हणजे शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेत नोंदणी करून देतो, दुबईत कंपनी उघडून देतो, बायर गाठून देतो, सगळं एकाच व्हॉट्सॲप मेसेजमध्ये. बागायतदाराचा प्रश्न मात्र साधा असतो, "आंबो माझो, पण कागद कोण करतलो?" हा प्रश्न ९१ च्या उदारीकरणानंतर पडायला लागला असं ज्यांना वाटतं त्यांनी जरा मागे जाऊन बघावं, कारण या किनाऱ्यावर माल कधी कमी नव्हता आणि गिऱ्हाईकही येतच होतं, अडायचं ते बंदरात, परवानगीपाशी. म्हणून मधला माणूस लागायचा. तो कुणाचं मीठ खातो आणि त्याचं चुकलं तर भुर्दंड कुणाला, एवढ्या दोन गोष्टी लक्षात ठेवून हा इतिहास वाचला की बरंच काही उलगडतं.

पहिल्या शतकातल्या पेरिप्लस नावाच्या ग्रीक प्रवासनोंदीत चौल आहे, सोपारा आहे, कल्याण आहे. कल्याणबद्दल जे लिहिलंय ते मजेशीर आहे. हे बंदर आधी रीतसर परवानगीचं होतं, पुढे सत्ता बदलली आणि तिथे निर्बंध आले, इतके की एखादं ग्रीक जहाज तिथे लागलंच तर पहारा बसवून त्याला भडोचला नेलं जाण्याची भीती. म्हणजे माल भरून एवढा समुद्र ओलांडून यायचं आणि कुठल्या बंदरात उतरायचं हे राजकारणाने ठरवलेलं. ती नोंद अख्खी वाचली की कळतं की ती मुळात व्यापाऱ्यांसाठीच आहे, कुठे काय विकतं, कुठे काय मिळतं, कुठे धोका. आजच्या भाषेत मार्केट रिपोर्टच.

दहाव्या शतकात चित्र अजून स्पष्ट होतं. अरब प्रवासी अल-मसूदी इ.स. ९१६ च्या सुमारास चौलला आला, त्याच्या लिखाणात चौलचं नाव सैमूर. तो म्हणतो तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहत होते, त्यातले बरेच सिराफ, ओमान, बसरा, बगदादकडचे, आणि त्यांचे आपापसातले मामले बघायला राजाने त्यांच्यातलाच एक वजनदार माणूस नेमलेला, त्याला हुनरमन म्हणत. राजा राष्ट्रकूटांच्या बाजूचा, माणूस व्यापाऱ्यांचा, नेमणूक मात्र राजाची. याच्या थोडं पुढे इ.स. ९२६ चा चिंचणीचा ताम्रपट आहे, डहाणूजवळच्या, त्यात तर संजाण मंडळाचा कारभारच मधुमती उर्फ मोहम्मद नावाच्या अरबाकडे होता आणि त्याने नदीवर फुकट होडी आणि अन्नछत्र सुरू केल्याचं नोंदवलंय. राष्ट्रकूटांना घोडे आणि जकात हवी होती, अरबांना सुरक्षित बंदर हवं होतं, आणि दोन्हीकडची रीतभात समजणारा माणूस खुर्चीत बसवला की दोघांचंही काम होतं. मला ही व्यवस्था नंतरच्या बऱ्याच भानगडींपेक्षा शहाणपणाची वाटते.

चुकीच्या सल्ल्याचं आमच्या किनाऱ्यावरचं सगळ्यात नामी उदाहरण म्हणजे अफनासी निकितिन. रशियातला त्वेरचा व्यापारी, १४६९ च्या आसपास होर्मुझवरून एक घोडा घेऊन चौलला उतरला. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की हिंदुस्तानात तुमच्या देशात खपेल असा माल भरपूर आहे आणि घोड्याला तर तिथे सोन्याचा भाव. घोड्याचं खरं होतं, बहमनी फौजेला घोडे लागायचेच आणि दाभोळ, चौल ही त्या आयातीची बंदरं होती. पण जुन्नरला तिथल्या खानाने त्याचा घोडाच काढून घेतला आणि धर्म बदल तर परत देतो, वर पैसेही देतो म्हणाला, शेवटी एका खुरासानी खोजाने मध्ये पडून शब्द टाकला तेव्हा घोडा सुटला. आणि परतीचा माल? निकितिनने चिडून लिहून ठेवलंय की सांगणाऱ्यांनी मला फसवलं, आमच्या देशाच्या उपयोगाचं इथे काहीच नाही, मिरी आणि रंग स्वस्त आहेत पण जकात जबर आणि समुद्रात चाचे. बाजारभाव, जकात, वाटेतली जोखीम, तिन्ही गोष्टी त्याला उतरल्यावर कळल्या. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे, पर्यटक फोटो काढतात. एक्स्पोर्टवाल्यांनीही एकदा बघून यायला हरकत नाही.

पोर्तुगीज आल्यावर सल्ल्याचा सूरच बदलला. १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेदाने दाभोळ जाळलं, आणि समुद्रात फिरायचं तर पोर्तुगीजांचा कर्ताज घ्या असा नियम बसला. कर्ताज म्हणजे जहाजाचा परवाना, त्यात जहाज कुठून कुठे जाणार, काय नेणार नाही ते सगळं, आणि जाताना त्यांच्या ठाण्यावर जकात भरायची. नसेल तर जहाज जप्त. आदिलशहासारख्या सुलतानालाही तहात ठराविक कर्ताज मागून घ्यावे लागायचे. पुढे कान्होजी आंग्र्यांनी हाच खेळ उलटा खेळला, आमचा दस्तक घ्या, इंग्रजांनी नाक मुरडलं आणि त्यावरून कित्येक वर्षं मारामाऱ्या चालल्या. इंग्रज त्यांना चाचा म्हणायचे, आता कर्ताज मागणारा पोर्तुगीज राज्यकर्ता आणि दस्तक मागणारा आंग्रे चाचा हे कसं काय ते तेच जाणोत.

पण मधल्या माणसाची खरी गोष्ट राजापूरची आहे, आणि तिथे मी जरा थांबणार आहे. इंग्रजांची राजापूरला वखार होती. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला तेव्हा राजापूरच्या इंग्रजांनी तिथे जाऊन गडावर तोफा डागल्या, तेही आपलं निशाण लावून. धंद्याला आलेल्या माणसाने एका बाजूने लढाईत उतरायचं, यापेक्षा वाईट बिझनेस डिसिजन शोधून सापडणार नाही. १६६१ ला शिवाजी महाराजांनी राजापूर मारलं, वखार गेली, तिचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन आणि बाकीचे कैदेत पडले. मग पुढची कित्येक वर्षं इंग्रज नुकसानभरपाई मागत राहिले आणि महाराज बोलणी लांबवत राहिले.

शेवटी १६७४ ला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर गेला, राज्याभिषेकाच्या वेळी. पण त्याच्याआधी गडावर पोचून जमीन तयार करणारा माणूस होता नारायण शेणवी, इंग्रजांचा दुभाषा. कुणाला आधी भेटायचं, महाराजांचे कारभारी निराजी पंडित यांच्यामार्फत बोलणी कशी पुढे सरकवायची, कुठल्या कारभाऱ्याला कसला नजराणा, हे सगळं इंग्रजांना अशाच माणसांशिवाय कळणं शक्य नव्हतं. पगार इंग्रजांचा, भाषा आणि ओळख इथली. त्याला पहिला कन्सल्टंट म्हणण्याचा मोह होतो, पण चौलच्या हुनरमनची आठवण झाली की आवरतो.

तहातल्या दोन कलमांवर जे झालं ते आजच्या ट्रेड ॲग्रीमेंटवाल्यांनी वाचावं असं आहे. इंग्रजांना अडीच टक्के जकात मिळाली, वखारी मिळाल्या. पण त्यांनी मागितलं की आमचं नाणं तुमच्या मुलखात चालावं, त्यावर उत्तर असं की आम्ही कुठल्याच नाण्याला मनाई करत नाही, पण रयतेचा तोटा होईल असं नाणं घ्यायची जबरदस्तीही करणार नाही, तुमचं नाणं कसाला आणि वजनाला उतरलं तर आपोआप चालेल. दुसरं, आमचं जहाज वादळात किनाऱ्याला लागून फुटलं तर माल परत द्यावा. इथे महाराजांनी साफ नाही म्हटलं, एक तर हे कोकणच्या रिवाजाविरुद्ध, आणि तुम्हाला ही सवलत दिली तर फ्रेंच, डच आणि बाकीचे व्यापारी उद्या तीच मागायला येतील. एकाला दिलेली सवलत सगळ्यांना द्यावी लागते हे गणित आज जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांचा पाया आहे, ते रायगडावर १६७४ ला कुणाला शिकवायची गरज नव्हती.

त्याआधी १६७१ ला कुडाळच्या सुभेदाराला, नरहरी आनंदरावांना, महाराजांचं पत्र गेलं होतं की बारदेशातलं, म्हणजे पोर्तुगीज मुलखातलं, मीठ स्वस्त येतंय आणि आपलं मीठ मार खातंय, तर त्यावर जकात वाढवा. आणि १७१६ च्या सुमाराची रामचंद्रपंत अमात्यांची आज्ञापत्रं तर परकीय गुंतवणुकीचं धोरणच आहे. साहुकार राज्याला हवेतच, त्यांना बोलावून आणा, पण टोपीकर, म्हणजे युरोपीय, बाकी सावकारांसारखे नाहीत, त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या मागे एकेक राजा आहे, त्यांना समुद्रकाठी जागा देऊ नका. हा सल्ला पाळला गेला नाही, पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

इंग्रजी अमदानीबद्दल इथे फार बोलण्यासारखं नाही, कोकणातून माल कमी आणि माणसं जास्त बाहेर गेली, मुंबईच्या गिरण्यांत, बोटींवर, आणि रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान तर पार केपटाऊनपर्यंत. या गेलेल्या माणसांनीच नंतर सल्लागाराचं काम केलं. आखातात तेव्हा आपला रुपयाच चालायचा, १९५९ ला सोन्याच्या तस्करीमुळे रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या, आणि १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झालं तेव्हा उरलेल्या अमिरातींनीही तो सोडला. १९७३ नंतर तेलाचा पैसा आला आणि चिपळूण, खेड, म्हसळा, श्रीवर्धनकडची घरंच्या घरं तिकडे लागली. त्या काळात कुणाला कुवेतला किंवा दुबईला धंदा करायचा तर सल्लागार म्हणजे तिथे असलेला मामा नाहीतर मेव्हणा. कुठल्या होलसेल मार्केटात कुणाशी बोलायचं, कफील, म्हणजे तिथला जामीनदार मालक, कसा आहे, लायसन्स कुणाच्या नावावर, हे सगळं ईदला किंवा लग्नाला गावी आलेल्या माणसाकडून कळायचं. अमिरातीत मेनलँडवर कंपनी काढायची तर ५१ टक्के हिस्सा स्थानिक माणसाचा लागायचा, बऱ्याच धंद्यांपुरती ही अट २०२१ ला गेली. तोवर सगळी मदार त्या एका अरबाच्या भल्या मनावर, आणि तो भला निघाला नाही तर तक्रार कुठे करणार.

इकडे देशात तोवर लायसन्सचा जमाना होता. १९४७ चा आयात-निर्यात नियंत्रण कायदा, १९७३ चा फेरा म्हणजे परकीय चलनाचा कायदा, डॉलर जवळ ठेवणं म्हणजे फौजदारी. त्या काळातला सल्लागार म्हणजे मुंबईत आयात-निर्यातीच्या चीफ कंट्रोलरच्या ऑफिसात कुठल्या टेबलावर फाईल आहे ते सांगणारा माणूस. १९८९ ला उरणजवळ न्हावा-शेवा बंदर सुरू झालं, ९१ ला कंट्रोलर जाऊन डीजीएफटी, म्हणजे परदेशी व्यापाराचं महासंचालनालय आलं, २००० च्या जूनपासून फेराच्या जागी फेमा लागू झाला आणि चूक गुन्ह्याऐवजी दंडावर आली. आयात-निर्यातीचा कोड तर आता पॅन नंबरच. मग कोकणातल्या सीएंनी, क्लिअरिंग एजंटांनी, बँकेतून रिटायर झालेल्या फॉरेक्सवाल्यांनी ही कामं घ्यायला सुरुवात केली, एलसी म्हणजे बायरच्या बँकेचं हमीपत्र कसं वाचायचं, माल कुठपर्यंत आपल्या जोखमीवर, पैसे नाही आले तर ईसीजीसी या सरकारी कंपनीचा विमा.

तेव्हा वाटलं होतं सरकारी कागद कमी झाले की काम सोपं होईल. पण अडवणूक संपली नाही, सरकून समोरच्या देशाच्या दारात गेली. मासळीवाल्यांना ते १९९७ लाच कळलं, युरोपने स्वच्छतेच्या कारणावरून भारतीय मासळी थांबवली तेव्हा. आंब्याला जपानने फळमाशीमुळे १९८६ पासून बंदी घातलेली, ती २००६ ला उठली, बाष्प उष्णता प्रक्रियेच्या अटीवर. अमेरिकेला २००७ पासून हापूस जातो पण कीड मारायला ४०० ग्रे एवढं विकिरण देऊन, आणि ते अमेरिकेच्या इन्स्पेक्टरसमोर. कोविडमध्ये तो इन्स्पेक्टर येऊ शकला नाही तर २०२० आणि २०२१ असे दोन सीझन अमेरिकेचं मार्केट बंद. एवढी मोठी बाग, एवढा मोठा देश आणि अडलंय कुठे तर एका माणसाच्या विमान प्रवासापाशी. १ मे २०१४ ला युरोपने हापूससोबत वांगी, कारली, पडवळ आणि अळूही बंद केलं, ऐन सीझनात, आणि आंब्यापुरती ती बंदी पुढच्या जानेवारीत उठवायचं ठरलं. तेव्हापासून युरोपच्या आंब्याला ४८ अंशाच्या पाण्यात एक तास बुडवून ठेवावं लागतं. पाणी थोडं जास्त तापलं तर सालीवर डाग येतात आणि आतला गर बिघडतो, कमी तापलं तर प्रमाणपत्र नाही. पन्नास वर्षं आंबा पिकवलेला म्हातारा बागायतदार त्या टाकीजवळ उभा राहून स्क्रीनवरचा आकडा बघत असतो, त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

आणि २०२५ च्या मे महिन्यात तर कळसच झाला. नवी मुंबईत विकिरण करून अमेरिकेला विमानाने गेलेली आंब्याची १५ कन्साइनमेंट्स तिकडच्या विमानतळांवर नाकारली गेली, कशामुळे तर सोबतच्या पीपीक्यू २०३ या तपासणी-प्रक्रियेच्या फॉर्ममधल्या त्रुटींमुळे. माशी सापडली म्हणून नव्हे, फॉर्मवरून. परत आणा नाहीतर नष्ट करा असे दोनच पर्याय, आणि आंबा परत आणायचा तर भाडं आंब्यापेक्षा महाग, म्हणून तिथेच नष्ट केला. नुकसान सुमारे पाच लाख डॉलर्सचं सांगितलं गेलं. तो फॉर्म निर्यातदार भरत नाही, अमेरिकेचा अधिकारी देतो, तरी तोटा माल पाठवणाऱ्याच्याच खात्यात.

त्यानंतर देवगडात, रत्नागिरीत लोक सल्लागाराला पैसे देण्याआधी एक नवीन प्रश्न विचारायला लागलेत, कागद चुकला तर भरून कोण देणार. बहुतेक जण उत्तर द्यायचं टाळतात, काही जण विमा काढा म्हणतात, आणि फीच्या करारात तसं कलम लिहून देणारा अजून तरी मला भेटलेला नाही.