सॅक्सन
सॅक्सन : उत्तर जर्मनीतील एका प्राचीन जर्मानिक जनसमूहाचे नाव. लॅटिनमधील ‘साक्सोनेस’ या रूपावाटे ते युरोपभर पसरले. मूळ मात्र जर्मानिकच. सुरा म्हणजे मोठा चाकू या अर्थाच्या ‘साख्स’ (जुन्या इंग्रजीत ‘सेअक्स’) शब्दाशी त्याचा संबंध जोडतात. हा शब्द ‘कापणे’ या अर्थाच्या धातूचा. लॅटिन ‘सेकारे’ त्याच कुळातला. तेव्हा सॅक्सन म्हणजे ‘सुरेवाले’. लॅटिन ‘साक्सुम’ म्हणजे दगड, म्हणून हे दगडासारखे कणखर लोक, ही मध्ययुगीन व्युत्पत्ती निव्वळ ध्वनिसाम्यावर उभी आहे.

सेअक्स एकधारी असे. लंडनमध्ये बॅटरसीजवळ थेम्सच्या पात्रात १८५७ मध्ये सापडलेला एक नमुना आता ब्रिटिश संग्रहालयात आहे. साधारण दहाव्या शतकातल्या या लांब पात्यावर तांबे, पितळ व चांदीची तार ठोकून रून या प्राचीन जर्मानिक लिपीची २८ अक्षरे आणि ‘बेआग्नोथ’ हे नाव कोरले आहे. नाव घडवणाऱ्याचे की बाळगणाऱ्याचे, यावर एकमत नाही. असे सुरे फ्रँक व इतर जर्मानिक लोकही वापरत; मग नाव एकट्या सॅक्सनांनाच का चिकटले, हा प्रश्न उरतोच.

दंतकथांनी त्याचे उत्तर दिले आहे. दहाव्या शतकातील जर्मनीतल्या कोर्वाइ मठाचा इतिहासकार विडुकिंड सांगतो, की तहाच्या बोलणीला निःशस्त्र यायचे ठरले असताना सॅक्सनांनी कपड्यांत सुरे दडवून शेजारच्या थुरिंगियन लोकांची कत्तल केली. नवव्या शतकातील ‘हिस्टोरिया ब्रिटोनम’मध्ये सॅक्सनांचा दंतकथेतला नायक हेंगिस्ट याचे लोक ब्रिटनच्या मूळ रहिवाशांशी नेमके हेच करतात. नावाचा अर्थ लावण्यासाठी गोष्ट मागाहून रचलेली दिसते.

टॉलेमीच्या दुसऱ्या शतकातील भूगोलात एल्ब नदीपलीकडे सॅक्सन आढळतात, पण तिथला पाठ वादग्रस्त आहे. निःसंदिग्ध उल्लेख चौथ्या शतकापासूनचे. रोमनांच्या लेखी सॅक्सन म्हणजे मुख्यतः समुद्री लुटारू. आग्नेय ब्रिटनच्या किनारी तटबंदीला ‘सॅक्सन किनारा’ हेच नाव होते. पाचव्या शतकापासून ते तिथेच वस्तीला आले. एसेक्स, ससेक्स, वेसेक्स ही पूर्व, दक्षिण व पश्चिम सॅक्सनांची राज्ये. एसेक्सच्या मानचिन्हावर आजही तीन सुरे आहेत. मायदेशी राहिलेल्यांना आठव्या शतकातील इंग्रज इतिहासकार बीड ‘जुने सॅक्सन’ म्हणतो. त्यांच्यापासून वेगळे ओळखावे म्हणून ब्रिटनमधल्यांसाठी आठव्या शतकात ‘अँग्लो-सॅक्सन’ हे नाव रूढ होऊ लागले.

जुन्या सॅक्सनांना फ्रँकांचा राजा शार्लमेन याने ७७२ ते ८०४ या काळातील युद्धांत नमवले. व्हेर्डन येथे ७८२ मध्ये ४,५०० जणांचा शिरच्छेद झाला, असे फ्रँक राजवृत्तांतच नोंदवतो.

पुढे नाव माणसांना सोडून जहागिरीबरोबर फिरले. माइसेनच्या वेटिन घराण्याला १४२३ मध्ये सॅक्सनीचे इलेक्टरपद (सम्राट निवडण्याचा हक्क असलेल्या राजपुत्राचे पद) मिळाले आणि ड्रेस्डेन, लाइपझिगचा प्रदेश सॅक्सनी झाला. सॅक्सनांची जुनी भूमी त्याच्या वायव्येला, बरीचशी आजच्या लोअर सॅक्सनी राज्यात येते. हे राज्य १९४६ मध्ये स्थापन झाले.

शेजाऱ्यांनीही नाव आपापल्या परीने ताणले. वेल्श भाषेत ‘साइस’ म्हणजे इंग्रज, तर फिनिशमध्ये ‘साक्सा’ म्हणजे अख्खी जर्मनी. बाराव्या शतकापासून ट्रान्सिल्व्हेनियात गेलेले जर्मन वसाहतकार बहुतांशी ऱ्हाईन-मोझेल भागातले. तरी तेही सॅक्सनच म्हणवले गेले. सॅक्सोफोनचा मात्र या लोकांशी थेट संबंध नाही. ते नाव वाद्याचा बेल्जियन निर्माता अदोल्फ साक्स याच्या आडनावावरून पडले.